कापसाच्या अनुदानाची यादी चावडीवर लावा

महोदय,

खरीप २०२३ मध्ये कापूस आणि सोयाबीनचे भाव पडले म्हणून राज्य सरकारने २०२४ मध्ये हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, मदत जाहीर केली. वीस गुंठ्यांच्या आतल्यांना सरसकट १,००० रुपये. एकूण तरतूद ४,१९४ कोटींची, त्यात कापसाचे १,५४८ कोटी. सप्टेंबरअखेर पैसे खात्यात पडू लागले. मदत दिली हे चांगलेच केले. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,०२० रुपये असताना त्याच्या खाली मीही कापूस विकला आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. हे पैसे कोणाला, किती आणि कशाच्या आधारावर मिळाले, ते गावाला दिसले पाहिजे.

माझे तीन एकर सामाईक खात्यात आहेत. यजमान वारल्यावर वारसांचा फेरफार झाला. सातबाऱ्यावर मी, दोन दीर आणि नणंद अशी चार नावे. सामाईक खात्याला बाकीच्यांचे ना-हरकत लागते. नणंद सुरतला असते, तिची सही आणायला धाकटे दीर कापूस वेचणीला आलेला असताना गेले. संमतीपत्र, आधारची झेरॉक्स, सगळे दिले. पैसे आले नाहीत. विचारले की एकच उत्तर, ‘वरून पेंडिंग आहे.’ धुऱ्यापलीकडच्या खातेदाराचेही खाते सामाईकच, कागद तेच, त्याचे मात्र जमा झाले. माझ्या कागदात काय कमी होते, हे आजवर कोणी सांगितलेले नाही.

संमतीपत्रे गोळा करायची होती तेव्हा आमच्या ग्रामपंचायतीत नावांची यादी लागली होती. पैसे वाटल्यावर लागली नाही. मग गावात बोलणे सुरू होते. अमक्याने तुरीच्या वावरात पऱ्हाटी दाखवली, तमक्याच्या पडीक रानावरही कापूस लागला. ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइलवर पिकाची नोंद करण्याची, अट होती, पुढे सातबाऱ्यावर नोंद असली तरी चालेल असे ठरले, त्यामुळे संशयाला आणखी वाट मिळाली. यात प्रामाणिक शेतकऱ्याचेही नाव खराब होते, याचे मला फार वाईट वाटते. ‘स्टेटस पाहून देतो’ म्हणून बायाबापड्यांकडून दोनशे रुपये घेणारेही याच अंधारावर जगतात.

आणखी एक गोष्ट यादीतून उघड होईल. आमच्याकडे बरीच वावरे मक्त्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर दुसऱ्याला कसायला, दिली जातात. मालक शहरात, बियाणे-फवारणीचा खर्च मक्तेदाराचा, भाव पडला तर तोटाही त्याचाच. अनुदान मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला. असे किती पैसे गेले, हे समोर आल्याशिवाय पुढच्या वेळी नियम बदलणार कसा?

यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ मध्येच लिहिले आहे की अनुदानाच्या कार्यक्रमांत किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे कोणी अर्ज न करताच कार्यालयाने प्रसिद्ध करायचे. मनरेगावर माती उचलणाऱ्या बाईची हजेरी आणि मजुरी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येत आली आहे. पीएम किसानची यादी गावनिहाय उघडते. मजूर बाईचा हिशेब जगाला दिसलेला चालतो, तर पाच एकरवाल्याचा का नको? आधार आणि बँक खात्याचा क्रमांक कोणी मागत नाही, ते झाकूनच ठेवावेत.

पुढची कोणतीही मदत वाटताना खातेदाराचे नाव, गट क्रमांक, पीक व क्षेत्र, जमा रक्कम आणि तारीख, आणि पैसे अडले असतील तर त्याचे कारण, एवढे रकाने असलेली यादी ग्रामपंचायतीत लावावी व ग्रामसभेत वाचून दाखवावी. २०२३ च्या अनुदानाची यादीही अजून लावता येईल. कृषी विभागाने तसा आदेश काढावा, ही विनंती.

आपली,
एक कापूस उत्पादक महिला, जि. यवतमाळ