बरोबर उत्तरालाही विचारा, ‘कसं काढलंस?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणिताच्या शिक्षकाने मुलांशी जवळीक साधावी असा विषय निघाला, की बोलणे हमखास खेळ, कोडी आणि हसतमुख स्वभाव यांवर जाते. त्याला हरकत असायचे कारण नाही. पण ज्यांची उभी हयात हा विषय शिकवण्यात गेली, त्यांना ठाऊक असते की मुलाचा विश्वास बसतो तो वहीमुळे. आपण कसा विचार केला हे कुणीतरी नीट वाचले, एवढे कळले की मूल आपणहून शंका घेऊन येते.

एक साधी वजाबाकी घ्या, ५०३ − २८७. वहीत उत्तर ३८४. लाल फुली मारून शेजारी २१६ लिहायला पाच सेकंद लागतात आणि मुलाच्या हाती काहीच पडत नाही. तेच ३८४ नीट पाहिले तर दिसते, की एककात ३ मधून ७ जाईनात म्हणून त्याने ७ मधून ३ काढले, दशकात ८ मधून ०, शतकात ५ मधून २. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केले आहे. हे मूल बेफिकीर नाही. ते एक नियम इमानाने पाळते आहे, तो नियम तेवढा चुकीचा आहे. अशा मुलाला घरी आणखी वीस वजाबाक्या दिल्या, तर तोच नियम वीस वेळा घोटला जातो. त्याऐवजी पडताळा घ्यायला सांगावे. ३८४ मध्ये २८७ मिळवले की ६७१ येतात, ५०३ येत नाहीत, आणि चूक त्याची त्याला दिसते. मग आधी ५३ − २७ सारखे शून्य नसलेले गणित दहा-दहा काड्यांच्या जुड्या सुट्या करत करून घ्यावे आणि त्यानंतरच ५०३ कडे यावे. मधल्या शून्यापाशी बहुतेकांचे अडते, कारण तिथे सोडायला दशकाची जुडीच नसते. आधी शंभराचा गठ्ठा सोडून दहा जुड्या करायच्या आणि मग त्यातली एक सोडायची, अशा दोन पायऱ्या लागतात.

चुकीचे उत्तर निदान दिसते तरी. बरोबर उत्तराखाली दडलेला गोंधळ जास्त नुकसान करतो. ०.५ मोठे की ०.३५? जे मूल ३५ हे ५ पेक्षा मोठे म्हणून ०.३५ सांगते, ते लगेच सापडते. दुसरे मूल ०.५ म्हणते आणि आपण शाबास म्हणून पुढे सरकतो. त्याला ‘कसं ठरवलंस?’ विचारले, तर कधी कधी उत्तर येते, ‘दशांश चिन्हानंतर जितके जास्त अंक, तितकी संख्या लहान.’ अशा मुलाला ०.४ आणि ०.७५ दिले तर ते बिनदिक्कत ०.४ मोठे म्हणेल. म्हणून या दोन्ही जोड्या एकाच प्रश्नपत्रिकेत असायला हव्यात. १६/६४ मधले वरचे-खालचे ६ खोडून १/४ लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळून जातात!

‘कसं काढलंस?’ हा प्रश्न फक्त चुकलेल्याला विचारला, तर चार दिवसांत वर्ग ओळखतो की सरांनी किंवा बाईंनी कसे म्हणून विचारले म्हणजे चुकले. मुले पुढचे ऐकायच्या आत खोडरबर उचलतात. बरोबर उत्तरालाही तोच प्रश्न, त्याच आवाजात विचारला गेला, तरच ती मोकळेपणाने बोलतात.

बाकीच्या सवयी लहान आहेत. प्रश्न विचारल्यावर निदान तीन-चार सेकंद गप्प राहावे. नाहीतर तीच ती चार मुले उत्तरे देत राहतात. मुलाच्या हातातली पेन्सिल घेऊन गणित सोडवून दाखवू नये. जिथवर बरोबर आहे त्या शेवटच्या पायरीवर खूण करून वही परत द्यावी. ‘सोपं तर आहे’ हे शब्द टाळावेत, कारण ज्याला ते गणित येत नाही त्याला त्यातून एवढेच ऐकू येते की आपण मठ्ठ आहोत. आणि ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ असली वाक्ये पाठ करून घेऊ नयेत. त्यामुळेच ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ = ९ असे लिहिले जाते. दोन्ही बाजूंना ३ ने भागले, असे पूर्ण वाक्य काही महिने लिहून घेतले तर ही चूक बरीच कमी होते.

साठ मुलांच्या वर्गात हे जमणार कसे, असा प्रश्न येईलच. सगळ्या वह्या रोज तपासायच्या नाहीत. रोज दहा वह्या आणि प्रत्येकीतले एकच गणित, पण ओळ न् ओळ वाचून. सहा दिवसांत वर्ग पुरा होतो. एका रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाला एक पान द्यावे आणि त्यावर तारीख, गणित, मुलाने लावलेला नियम आणि पुढच्या वेळी विचारायचा प्रश्न एवढेच लिहावे. शिक्षक बदलला की ते रजिस्टर नव्या शिक्षकाकडे जावे.

याला रोज अर्धा तास लागतो आणि तो आज शिक्षकाला घरच्या वेळातून काढावा लागतो. शाळांनी गणिताच्या शिक्षकाच्या वेळापत्रकात रोजची एक तासिका वहीवाचनासाठी राखून ठेवावी आणि त्या तासिकेला त्याला बदली तासावर पाठवू नये, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रातून मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांपर्यंत पोहोचावी.

आपली,
गणिताची एक निवृत्त शिक्षिका