माजघरातला कॅमेरा

महोदय,

गावाकडे एकट्या राहणाऱ्या आईवडिलांच्या घरात मुंबईची मुलं हल्ली कॅमेरे बसवतात. आमच्याकडे तो गेल्या गणपतीत बसला. त्याआधी आषाढात मी न्हाणीत घसरले, तासभर उठता आलं नाही. मुलगा घाबरला, त्याची काळजी खरीच. पण कॅमेरा लावला माजघरात, तोही मला न विचारता.

माझं वय ७८. दुपारी पोलकं सैल करून गार जमिनीवर आडवं व्हायची माझी जन्माची सवय. ती सुटली. मी मागच्या पडवीत, लाकडांच्या ढिगाशेजारी पडू लागले. आश्विनात तिथेच चक्कर आली, आणि मुलाच्या फोनवर रिकामं माजघर दिसत राहिलं.

लोक म्हणतात, कोकणातल्या घराला कसला आलाय खासगीपणा, दार तर दिवसभर सताड उघडं. उघडं असतं खरं. पण येणारा खळ्यातूनच हाक मारतो, "काकू, आहात काय?" तेवढ्यात पदर सावरता येतो. ओटीपर्यंत कुणी यायचं आणि माजघरात कुणी, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. कॅमेऱ्यातून मात्र कोण कधी बघतंय, याचा पत्ताच लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा मात्र, कुणी स्वतःच्या घरगुती कामासाठी माहिती वापरली तर लागू होत नाही. म्हणजे आईला विचारायचं ते मुलानेच.

दिवाळीत आम्ही समोरासमोर बसून बोललो. कॅमेरा आता ओटीवर आहे, पायऱ्यांकडे तोंड करून. माजघरात आणि न्हाणीच्या दाराशी हालचाल टिपणारे सेन्सर लावलेत. त्यात चित्र उमटत नाही, कुणी हललं एवढंच कळतं. सकाळी ८ वाजेपर्यंत काहीच हललं नाही, तर मुलगा शेजारी फोन करतो. वीज गेली की हे सारं ठप्प. २०२०च्या 'निसर्ग' वादळानंतर इकडे कित्येक दिवस वीज नव्हती, म्हणून एक किल्ली शेजारणीकडे ठेवली आहे. न्हाणीत धरायला दांडा आणि खरबरीत फरशी बसवली, ते तर सगळ्यात आधी व्हायला हवं होतं.

यंदा गणपतीला येणाऱ्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे. भिंतीला भोक पाडण्याआधी आईवडिलांना घरभर फिरवा, कुठे नको ते त्यांनाच दाखवू द्या. आणि बंद करायचं बटण त्यांच्या हाताशी ठेवा. आमचं देवघराशेजारी आहे, कंदिलाच्या खुंटीखाली.

— एक वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी