साहेब खाली वाकले का?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर प्लेटिंग, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्या, कारखान्यांच्या तपासणीची बातमी वाचली. फोटोही पाहिला. तपासणीच्या साहेबांच्या डोक्यावर कोरंकरकरीत पिवळं हेल्मेट, हातात बाटली, बाटलीतलं पाणी अगदी नारळपाण्यासारखं नितळ. खाली ओळ : 'प्रक्रिया केलेले सांडपाणी निकषांत.' चहा तसाच राहिला.

मी २६ वर्षं निकेल-क्रोमच्या लाइनवर काढली, शेवटची ११ सुपरवायझर म्हणून. तेव्हा नम्रपणे विचारतो, नमुना घेतला कुठून? ईटीपीच्या, म्हणजे कारखान्यातल्या सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या, शेवटच्या नळातूनच ना? अहो, तो नळ आम्ही साहेबांसाठीच घासूनपुसून ठेवलेला असतो.

एकदाची गोष्ट सांगतो. जुलै महिना, दुसरी पाळी सुटायला आलेली. हेल्पर धावत आला, "दादा, टाकीखाली पिवळं आलंय." क्रोमची टाकी विटांवर ठेवलेली, खाली जेमतेम हातभर जागा. बॅटरी घेऊन पालथा पडून पाहिलं. आतलं पीव्हीसीचं अस्तर कोपऱ्यात फाटून पत्रा खाल्ला गेला होता आणि करंगळीएवढी धार लागली होती. फरशीचे सांधे तर ॲसिडने कधीच पोखरलेले. टाकीभोवती वीतभर उंचीचा कठडा होता म्हणा, पण ट्रॉली अडते म्हणून आम्हीच तो एका बाजूने फोडला होता. तिथून सगळं थेट पावसाच्या गटारात. मालकांना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "बाहेर पाऊस आहे ना? मग पाणी मारा." आम्ही पाणी मारलं. मीही मारलं, लपवत नाही. सकाळी गटार लख्ख.

नवव्या दिवशी तपासणी. आदल्या संध्याकाळीच कळलं होतं, कसं ते विचारू नका. फरशीला हिरवा रंग फासला, टाकीच्या पायाशी आडवा पत्रा मारला. साहेबांनी ईटीपी पाहिला, नमुना घेतला, सील लावलं, सह्या झाल्या. चहा झाला, खारी झाली. पंचवीस मिनिटांत गाडी गेटबाहेर. हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे क्रोमच्या विषारी रूपाचा, निकष लिटरला ०.१ मिलिग्रॅम, आमचा आकडा त्याच्याही खाली. का नसेल? ईटीपी आमचा चांगलाच होता. मेटाबायसल्फाइट टाकलं की पिवळ्याचं हिरवं व्हायचं, मग चुना टाकून गाळ खाली बसवायचा; मी स्वतः चालवलाय. पण जे पाणी ईटीपीपर्यंत पोचलंच नाही, त्याचा नमुना कोण घेणार?

१९७४ च्या पाणी कायद्यात कलम ३१ आहे. अपघाताने असं काही सांडलं, तर कारखान्याने ताबडतोब कळवायचं असतं. २६ वर्षांत एकदाही कुणी कळवलेलं मी पाहिलं नाही. साहेबांनीही 'यंदा कधी सांडलं का?' असं चुकून विचारलं नाही.

त्या पथकाला माझी विनंती एवढीच, की गुडघे दुखत नसतील तर टाकीखाली वाका. भिंतीच्या बुडाशी पिवळ्या-हिरव्या खपल्या धरल्यात का बघा. पहिल्या पावसात, न सांगता या, आणि नमुना कुंपणाबाहेरच्या गटारातून घ्या. थोडं ॲसिड आणि डायफिनिलकार्बाझाइडचे चार थेंब टाका, क्रोम असेल तर पाणी तिथल्या तिथे जांभळं होतं. त्याला प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघावी लागत नाही. क्रोमिक ॲसिडची बिलं आणि मेटाबायची बिलं शेजारी शेजारी मांडा, क्रोमच्या मानाने मेटाबाय घेतलं का ते कळेल. वर्षाला गाळाची किती पोती विल्हेवाटीला गेली त्याच्या पावत्या मागा. पोती कमी भरली तर गाळ काय मालकांनी घरी नेला?

त्या हेल्परच्या नाकाच्या पडद्याला आरपार भोक आहे. एका नाकपुडीत काडी घालून दुसरीतून काढून दाखवायचा आणि हसायचा. क्रोमच्या वाफेने होतं ते. त्याची तपासणी कधी कुणी केली नाही. तो काही निकषांत बसत नाही.

आता थोडं तुमच्याबद्दल, रागावू नका. बातमीशेजारी इंद्रायणीच्या फेसाचा फोटो कशाला? तो फेस बहुतांशी साबणाचा, तुमच्या-माझ्या घरांतल्या सांडपाण्याचा. क्रोमचं पाणी फेसाळत नाही. पिवळं असतं, आणि पुरेसं पातळ झालं की तेवढंही दिसत नाही. म्हणून तर पाऊस लागतो. फेसाचा फोटो छान येतो हे मान्य, पण त्याने प्लेटिंगवाले सुटतात आणि महापालिकाही सुटते. दोघांनाही तुमचा अंक आवडत असणार.

आपला,
एक निवृत्त सुपरवायझर, पिंपरी-चिंचवड

ता.क. : दोन वर्षांपूर्वीच्या माझ्या पत्रात तुम्ही 'हेक्साव्हॅलंट क्रोमियम'चं 'हेक्साव्हॅलंट कॅल्शियम' करून टाकलं होतंत. सोसायटीतले लोक अजून विचारतात, काका, ते हाडांना चांगलं का? या खेपेला प्रूफ एकदा नजरेखालून घालावं.