वेगाबद्दल लिहितोय, रागावू नकोस

चि. सोन्या यास,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास, त्याचं मी काही मनाला लावून घेतलेलं नाही. आई म्हणते लावून घेतलंय, पण तिचं सोड. "तुमच्या चालीने काम केलं तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील" हे तुझं वाक्य मात्र रात्रभर डोक्यात घुमत राहिलं, आणि सकाळी वाटलं की त्यात निम्मं तरी खरं आहे. म्हणून लिहायला बसलो. सोमवारपासून तू दोरीवरच्या टोळीत जाणार, उंच इमारतींच्या काचा दोरीला लटकून धुणार, त्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. ते बोलून झालंय.

आधी तुझं बरोबर आहे ते सांगतो. सावकाश काम म्हणजे चांगलं काम, असं मी कधीच मानलं नाही. उन्हातली काच घे. साबणाचं पाणी लावलं आणि वायपर शोधत बसलं, की पाणी काचेवरच सुकतं आणि रेघा उमटतात. मग पुन्हा पाणी, पुन्हा फडकं. तिथे रेंगाळणाऱ्याचीच काच खराब होते. आमच्यात एक जण होता, स्वभावाने फार नीटनेटका. एकेक तावदान फडक्याने घासत बसायचा, आणि उन्हं तिरपी झाली की त्याच्या काचांवर फडक्याची गोल गोल वलयं दिसायची. मला वेगाचं वावडं नाही रे.

पण हात भराभरा चालवून वेग येतो, हे मला पटत नाही. बादली कुठे ठेवली, फडकं कमरेला आहे की खालीच राहिलं, एका खिडकीसाठी शिडी दोनदा हलवावी लागली का, वेळ यात जातो. वायपरच्या रबराला कुठे बारीक खाच पडली असेल तर प्रत्येक ओढीला केसाएवढी रेघ राहते. ती पुसण्यात माणूस दिवसभर वेळ घालवतो, पण रबर काढून उलटं घालायला किंवा नवं बसवायला मिनिटभर थांबत नाही. साबणाचंही तेच. चार थेंबांत भागतं तिथे बचकभर ओतला की फेस काढता काढता नाकी नऊ येतात, आणि जो थर राहतो त्याच्यावर धूळ आणखी लवकर बसते.

काचेवर तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मागे एकदा तू कामावर असताना मी खाली येऊन उभा राहिलो होतो, तुला सांगितलं नाही. काच भिजवलीस, डाव्या कडेची बोटभर पट्टी आधी कोरडी करून घेतलीस, तिथे वायपर टेकवलास आणि वळणं घेत घेत तळापर्यंत आणलास. एकदाही उचलला नाहीस. प्रत्येक वळणावर पातं असं तिरकं होत होतं, की पाणी ओल्या बाजूलाच ढकललं जावं. मी जन्मभर सरळ पट्टे ओढले, दर पट्ट्याला रबर पुसलं. ते वळण मला कधी साधलं नाही. शेजारी वॉचमन उभा होता. त्याने विचारलंही नव्हतं, तरी त्याला सांगितलं, तो माझा मुलगा.

खालचा उजवा कोपरा मात्र तू सोडलास. चौकटीच्या खाचेत एक थेंब अडकला होता. तू पुढच्या काचेवर गेलास आणि तो मागून ओघळला. फडक्याचं टोक बोटावर घेऊन एकदा फिरवायचं होतं, बस. त्या दिवशी बोललो नाही, कारण तू खुशीत होतास, किती काचा उरकल्या ते सांगत होतास. आणि थेंबाचं मला काही नाही, थेंब परत पुसता येतो. पण घाई झाली की माणसाच्या हातून आधी शेवटची गोष्ट सुटते, जी कुणी बघत नसतं ती. खाली असलं तर कोपरा सुटतो. वर असलं तर... जाऊ दे. लिहिणार नाही म्हटलं होतं.

तू काचा पुसण्याच्या विक्रमाचा तो व्हिडिओ दाखवलास ना, टेरी बरोजचा? 45 इंची तीन काचा, 9.14 सेकंद. मी तो ताईच्या फोनवर पुन्हा पाहिला. काय हात आहे त्या माणसाचा! पण त्यातला नियम तू गाळलास. काचेवर जितके डाग राहतील, तितके अर्धे सेकंद वेळेत वाढवतात. म्हणजे एवढ्या घाईच्या खेळातसुद्धा मागून कुणीतरी काच तपासतोच. आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते. हे शेवटचं वाक्य आई खोडायला सांगते आहे.

काकाचं तुला अर्धंच माहीत आहे. इमारत नवी होती, काचांवर सिमेंटचे शिंतोडे, रंगाचे ठिपके, आणि ताबा दुसऱ्या दिवशी द्यायचा. मुकादम मागे लागलेला. काकाने काच पुरती न भिजवताच डाग खरवडायची पत्ती लावली, पुढे नेली आणि तशीच मागे ओढली. मागे ओढताना पत्तीखाली सापडलेला कण काचेवरून फरफटत येतो. त्यात ती टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच. 600 अंशांच्या वर तापवून भट्टीतल्या रोलरवरून नेतात तिला. त्या रोलरवर काचेची भुकटी असली तर ती एका अंगाला चिकटून बसते. डोळ्याला दिसत नाही, बोट फिरवलं तर खरखर लागते. पत्तीने ते कण उखडले की तेच काच ओरबाडतात. संध्याकाळी सगळं झकास दिसत होतं, ओली काच सगळं लपवते. सकाळी ऊन आडवं आलं आणि मजलेच्या मजले ओरखडे! घासून काढायला गेलं तर त्या जागी पलीकडचं वेडंवाकडं दिसतं. टफन्ड काच कापून बसवता येत नाही, अख्खी नवी मागवावी लागते. पैसे काकाच्या हिशोबातून गेले, मुकादमाच्या नाही.

तेव्हा नव्या इमारतीत आधी बोट फिरव. खरखर लागली तर पत्तीला हात लावू नकोस. आधी मुकादमाला दाखव आणि त्याच्याकडून लिहून घे. पहिली धुलाई आणि नेहमीची धुलाई एकाच मापाने मोजू देऊ नकोस. दिवसाला किती काचा, असं कुणी विचारलं तर आधी विचार, कुठल्या काचा? आतून-बाहेरून की नुसत्या बाहेरून? चौकटी धरून की सोडून? हे आधी ठरलं नाही तर मग तुला पळावं लागतं, आणि पळताना माणूस...

झालं, पत्राचं व्याख्यान झालं. हे सगळं तू शिकून आलायस, भिंतीवर प्रमाणपत्र लावलंय आईने. माफ कर.

आणखी एक, हे काचेबद्दल आहे, दोरीबद्दल नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला काही जण ॲसिड वापरतात. लवकर निघतात, खरं आहे. पण ज्यात हायड्रोफ्लोरिक असतं ते काच खातं, आणि कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जातं. नायलॉनच्या दोरीवर ॲसिड उडालं तर ती कमजोर होते आणि वरून कधी कधी काही कळतही नाही. बरं, हे दोरीबद्दलच झालं.

तू लहान असताना ताईची शाळा असली की मी तुला कामावर न्यायचो. मी शिडीवर, आणि तू आतून काचेला नाक लावून उभा. मी बाहेरून घासतोय, डाग जात नाही, आणि तू आत हसतोयस. शिडीच्या चार फूट उंचीला पाय भिंतीपासून एक फूट लांब, हे तू पाढ्यांच्या आधी शिकलास. शिडीचा पाय तू दोन्ही हातांनी धरून ठेवायचास, जणू तू धरलीस म्हणून मी वर आहे. मी काही म्हणायचो नाही, पण खाली बघितलं की बरं वाटायचं. आता तू वर, आणि खाली धरायला काही नाहीच. दोन दोऱ्या असतात, दोन वेगळ्या ठिकाणी बांधलेल्या, एक सुटली तर दुसरी आहे, हे तू मला तीनदा समजावलंस आणि मला ते समजलंय. दोन दोऱ्यांवर माझा विश्वास आहे. दुपारी चारला, दहा काचा राहिलेल्या असताना, भूक लागलेली असताना त्या बांधणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. तो तू असलास तरी.

रागावलास का? नको रागावूस. मामाही म्हणतो, पोरगा हुशार आहे, त्याला करू दे. करच. नानांना तर मी स्वतः सांगितलं, आमच्या घरात इतक्या वर कुणी गेलं नव्हतं.

आईचा गुडघा बरा आहे. ताई रविवारी येणार आहे, तेव्हा तिच्या फोनवरून बोलू, म्हणजे तुला उचलावा लागेल. रबराच्या दोन पट्ट्या तिच्याकडे देतोय, जाड नाहीत, तुला हव्या तशाच आहेत.

पहिल्या आठवड्यात तुझ्या शेजारच्या दोरीवर कोण असणार आहे, तेवढं नाव कळव. जुना माणूस असेल तर त्याचं बोलणं खावं लागलं तरी त्याच्याच बाजूला राहा.

तुझे,
बाबा