गड्डू गेला, आता माळ्यावरचं ते मशीन खाली काढा

सप्रेम नमस्कार.

आपल्या संस्थेतलं तीन पायांचं कुत्रं, गड्डू, गेल्याचं बहुतेकांना कळलंच आहे. ग्रुपवर टाकलं त्या रात्री रडके चेहरे आणि बदाम इतके आले की माझा फोन अडकून बसला. सगळ्यांचा जीव होता त्याच्यावर, ठाऊक आहे. पण हे पत्र मागण्यासाठी आहे. उन्हाळा तोंडावर आलाय म्हणून घाईत लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

नवीन सभासदांसाठी थोडं सांगतो. 2023 च्या गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, शोभेच्या दारूकामाच्या रात्री, हे पोर आवाजाला बिचकून होम मैदानाकडून पळत सुटलं आणि गाडीखाली आलं. उजवा मागचा पाय चेंदलेला. तो लगेच काढताही येईना, कारण गोचीड तापाने प्लेटलेट्स खाली गेलेल्या, रक्त थांबलं नसतं. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं, रोज ड्रेसिंग केलं, काउंट वर आल्यावर ऑपरेशन झालं. महिनाभरात तीन पायांवर असा पळू लागला की धरायला दोघे लागायचे.

आणि मग खाल्लेलं बाहेर यायला लागलं. आम्ही उलटी समजून पोटाची औषधं देत राहिलो, ही आमची चूक. उलटी होताना कुत्रं पोट आवळतं, उबळ काढतं. हा नुसती मान खाली घालायचा आणि भात जसाच्या तसा फरशीवर. बेरियम पाजून एक्स-रे काढला तेव्हा दिसलं, अन्ननलिका सैल पडून पिशवीसारखी झालेली. मेगाइसोफॅगस. घास पुढे ढकलायची ताकदच नाही. अशा कुत्र्याला माणसासारखं ताठ बसवून भरवायचं आणि नंतर वीस-पंचवीस मिनिटं तसंच बसवून ठेवायचं, म्हणजे घास आपल्या वजनाने पोटात उतरतो. पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने. जरा हयगय झाली की अन्न श्वासनलिकेत, आणि मग न्यूमोनिया.

हे सगळं दिवसातून चार वेळा, तीन वर्षं झालं, ते कोणामुळे? नावं छापायची नाहीत असं सगळ्यांनी बजावलंय, तरी ओळखणारे ओळखतीलच. कन्ना चौकातल्या सुतारमामांनी गड्डूची खुर्ची केली. पहिली अरुंद झाली, दुसरीत तो मागे कलंडायचा, तिसरी बरोबर बसली. समोर फळी, छातीला पट्टा, पाठीला सोलापुरी चादरीची घडी. मजुरी विचारली तर म्हणाले, तो जेवला की फोटो पाठवा. साखर पेठेतल्या आजींनी आयुष्यभर विड्या वळल्या, तीच बोटं. मऊ भात आणि कोंबडीच्या खिम्याचे गोळे असे एकसारखे करायच्या की मापून घ्यावेत. "कूर्चो", म्हणजे तेलुगूत बस, म्हटलं की गड्डू खुर्चीत. आमच्या मराठीला त्याने कधी भीक घातली नाही. समोरच्या घड्याळाचा काटा फिरेपर्यंत आजी त्याच्याशी तेलुगूत काय बोलायच्या ते त्या दोघांनाच माहीत. टॉवेल कारखान्याच्या मालकांनी सेकंडच्या मालाचे गठ्ठे दर दिवाळीला न मागता पाठवले. रिक्षावाले चाचा एक्स-रेला कितीदा घेऊन गेले, भाड्याचा विषय निघाला की गाडी सुरू करून निघून जायचे. ही माणसं आहेत म्हणून आपली संस्था आहे, सचिवाच्या सहीने नाही.

आता थोडं टोचणारं. गेल्या वर्षी नेब्युलायझर आणि ऑक्सिजन मशीनसाठी असंच पत्र काढलं होतं. त्यावरही बदाम आले. पैसे आले ते नेब्युलायझरपुरते. त्याने गड्डूला दोन न्यूमोनियांतून काढलं. सलाइनची वाफ द्यायची, मग हाताची ओंजळ करून बरगड्यांवर थापटायचं, कफ सुटतो. तिसऱ्या वेळी ते पुरलं नाही. रात्री अकराच्या सुमारास धाप वाढली, हिरड्या निळसर दिसायला लागल्या. एका ठिकाणी मशीन होतं, चालवणारं माणूस नव्हतं. दुसरीकडे दार उघडलं नाही. पहाटे चाचांच्या रिक्षातच गेला, आजींच्या जुन्या लुगड्यात. मशीन असतं तर वाचला असता, असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणत नाहीत. पण गुदमरत गेला नसता.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 2021 मध्ये, आपल्यापैकी कितीतरी घरांनी पाच लिटरचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले. ते आज माळ्यावर आहेत, हे मला माहीत आहे, कारण जुळे सोलापुरातल्या एका घरात मी त्यावर लोणच्याची बरणी ठेवलेली पाहिलीय. ते द्या. इतकी वर्षं बंद पडलेल्या मशीनमधलं झिओलाइट, म्हणजे हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे दाणे, ओल धरतं, ऑक्सिजनचं प्रमाण घसरतं, तेव्हा चालतंय की नाही ते आम्ही तपासून घेऊ. न चालणारं दिलंत तरी सुटे भाग कामाला येतील. कुत्र्याच्या तोंडाला मास्क लागत नाही. गळ्यातल्या प्लास्टिकच्या शंकूला पुढून पातळ फिल्म लावून, वाफ जायला थोडी जागा ठेवून आत नळी सोडतो. पारा 43 वर गेला की उष्माघाताची कुत्री येतात, त्यांनाही हेच लागतं.

मशीन नसेल तर रोख चालेल. इन्व्हर्टर, बॅटरी आणि शेडवर ग्रीन नेट मिळून 38,000 रुपये हवेत, हातात 11,500 आहेत. क्यूआर जुनाच, पावती खजिनदारांकडे. मशीन न्यायला चाचा येतील, नळी आणि फिल्टर असतील तर सोबत द्या. भेटायचं तर रविवारी 10 ते 12, नंतर पाण्याचा टँकर येतो, बोलायला सवड नसते. शिळं अन्न आणू नका, कृपा करून, तिखट तर नकोच.

आपला,
सचिव

ता. क. गड्डूची खुर्ची धुऊन, उन्हात वाळवून ठेवली आहे. कोणाच्या घरी असं दुखणं असलेलं कुत्रं असेल तर घेऊन जा, देणगी नको. पट्टा तेवढा नवा घालावा लागेल, त्याने चावून ठेवलाय.