टर्की अवघड की रान अवघड?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या इतवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या रानटर्कीवर, म्हणजे कोंबडीसारख्या दिसणाऱ्या तिकडच्या मोठ्या रानपक्ष्यावर, लेख आला होता. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून नातीनं तो मला दोनदा वाचून दाखवला. टर्कीच्या कोणत्या उपजातीची शिकार किती अवघड, याची त्यात उतरंड लावली होती. ईस्टर्न सर्वांत अवघड, मग ऑसिओला, त्याखाली रिओ ग्रांडे आणि मेरियम सर्वांत सोपा. लेख मनापासून आवडला. उतरंड मात्र पटली नाही, म्हणून हे पत्र. मी सांगतोय आणि नात लिहून घेतेय.

मी फासेपारधी, फासे मांडून पाखरं धरणाऱ्या जमातीतला. कारंजा तालुक्यातल्या बेड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीवर, जन्मलो, वय आता सत्तरीला टेकलंय. आठव्या वर्षापासून बासोबत तितरामागं फिरलो. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, पण पोटापायी आमच्यात ती पुढंही काही वर्षं चालली, हे मी लपवत नाही. फासे सोडून मला पस्तीस वर्षं होत आली. शिकार पुन्हा सुरू व्हावी असं माझं मुळीच म्हणणं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्याकडचा राखी तितर घ्या. सोहोळकडच्या माळावर बा त्याला एका पहाटेत धरायचा. तोच तितर गावालगतच्या नाल्यात तीन-तीन दिवस हुलकावणी द्यायचा, कारण तिथं दर आठवड्याला कुणी ना कुणी फासे मांडून गेलेलं असायचं. पक्षी तोच, पिसं तीच. मग अवघड कोणाला म्हणायचं?

आमची रीत अशी होती. पाळलेला नर तितर पिंजऱ्यात, पिंजऱ्यावर जुन्या धोतराचं फडकं. उजाडायच्या आधी पिंजरा माळावर ठेवायचा आणि भोवतीनं फासे मांडायचे. फडकं काढलं की तो आधी घसा साफ केल्यासारखा कट् कट् करायचा, मग एकदम मोकळा होऊन ‘कतितर-तितर, कतितर-तितर’. रानातला नर त्या तुकड्याचा धनी असतो. आपल्या हद्दीत दुसऱ्याचा आवाज त्याला खपत नाही. मान ताणून, पंख किंचित खाली सोडून तो कुसळी गवतातून सरळ पळत यायचा. रागात असायचा, त्यामुळं पायाखाली बघायचा नाही. बा माझ्या मांडीवर हात दाबून धरायचा. त्या हाताचा अर्थ मला कळायचा, श्वाससुद्धा हळू घे.

टर्कीच्या शिकारीचे व्हिडिओ नातीनं मला मोबाइलवर दाखवले. तिकडचा माणूस लाकडी डबीवर झाकण घासून, नाहीतर तोंडात पातळ पडदा धरून मादीचा आवाज काढतो. म्हणजे आम्ही नराला भांडायला बोलवायचो, ते त्याला जोडीसाठी बोलवतात. आणि खरी अडचण इथंच आहे. टर्कीत नर एका जागी पिसारा फुलवून साद घालतो आणि मादी त्याच्याकडं चालत जाते. शिकारी ही रीतच उलटी करायला निघतो. म्हणून नर जवळ येतो आणि पन्नास-साठ पावलांवर थांबतो. मी ओरडलो, आता तू ये, असं त्याचं म्हणणं. मादी दिसली नाही की त्याच्या मनात पाल चुकचुकते. वासाचं त्याला फारसं कळत नाही, पण नजर अशी की झाडाला टेकून बसलेल्या माणसाचं बोट हललं तरी तो गेलाच. हे बघताना बाचा हात मला मांडीवर जाणवला.

आता ईस्टर्नचं. पूर्वेकडच्या दाट झाडीत तो राहतो आणि त्याच्यामागं शिकारीही सर्वांत जास्त. दर वसंतात त्याच्या कानावर खोट्या माद्यांचे आवाज पडतात. जो भुलला तो गेला, जो उरला त्याला खरं-खोटं कळू लागलं. आमच्या नाल्यातला तितर तोच. मेरियम पश्चिमेच्या डोंगरात, पाइनच्या रानात राहतो. तिथं माणसाची वर्दळ कमी, म्हणून तो मोकळेपणी ओरडतो आणि हाकेला लवकर येतो. पण एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर त्याच्यामागं चढायचं म्हटलं तर गुडघे सांगतील सोपं किती ते. टेक्सासकडचा रिओ ग्रांडे उघड्या मुलखातला. आवाज लांबून कळतो, पण लपायला आडोसा कमी. त्याचं वाचताना मला आमची गाय आठवली. बानं एक गाय शिकवून ठेवली होती. ती चरत चरत पुढं सरकायची, बा तिच्या पोटाआड वाकून चालायचा आणि पाखराला वाटायचं गुरंच येतंय. उघड्या माळावर दुसरा इलाज नव्हता.

ऑसिओलाचं मला वेगळं सांगायचंय. तो फक्त फ्लोरिडाच्या द्वीपकल्पात सापडतो, दलदलीत आणि पामच्या झुडपांत. मुलूखच एवढासा, म्हणून अवघड. पण त्याचं नाव कुणाचं? सेमिनोल आदिवासींना त्यांच्या जमिनीवरून हाकलायला निघालेल्या सरकारशी जो लढला, त्या ऑसिओलाचं. १८३७ मध्ये तहाच्या पांढऱ्या निशाणाखाली बोलणी करायला आलेला असताना त्याला धरलं आणि पुढच्याच वर्षी तो कैदेत मेला. नातीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मी तिला थांबवलं आणि पुन्हा वाच म्हटलं. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि ज्यांच्यावरचा तो शिक्का पुसायला १९५२ साल उजाडावं लागलं, त्या जमातीत मी वाढलोय. खोट्या हाकेनं धरणं काय असतं ते मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

लेखात एक गोष्ट दोन ओळींत उरकली होती, ती खरं तर मथळ्यात हवी होती. शंभर वर्षांपूर्वी तिकडच्या बऱ्याच राज्यांतून टर्की संपला होता. आधी त्यांनी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, ते टिकले नाहीत. आईमागं रानात न फिरलेलं पिल्लू जगणार कसं? मग रानातलेच पक्षी मोठ्या जाळ्यांनी जिवंत धरून दुसऱ्या रानात नेऊन सोडले, ते वाढले. १९३७ पासून तिथं बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना मिळतो, लांब नळीच्या बंदुकांवर तो कर ११ टक्के आहे. आज टर्की तिथं पुन्हा लाखोंनी आहेत. शिकार होऊनही आहेत, कारण त्यांचं रान राखलं.

आमच्याकडं शिकार बंद आहे आणि तितर तरी कमी होतोय. लहानपणी बेड्यामागच्या टेकाडावर पहाटे बसलो की अकरा नर वेगवेगळ्या दिशांनी बोलायचे. बा बोटांवर मोजायला लावायचा, म्हणून आकडा पक्का लक्षात आहे. यंदा त्याच टेकाडावर मी चार पहाटा बसलो. दोनच बोलले.

त्या टेकाडाखालची ई-क्लास जमीन, म्हणजे सरकारी गायरान, काही वर्षांपूर्वी खड्डे खणून झाडांनी भरली. तिथं पवन्या होता, कुसळी होती, तिखाडी होती. तितर आणि लावा त्याच गवताच्या बुडाशी अंडी घालायचे. कागदावर ती जमीन पडीक. मी साहेबांकडं गेलो, हात जोडून सांगितलं की साहेब, हा माळ आहे, इथं झाड नको, गवत राहू द्या. ते म्हणाले, तुम्ही पारधी ना, तुम्हाला पाखरांची काळजी कधीपासून? मी परत आलो. झाडं निम्मी वाळली, गवत मात्र गेलं ते गेलंच.

संपादक महोदय, माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे आपल्या पेपरनं एकदा ठळक अक्षरांत छापावं. आणि पक्षीगणना होते तेव्हा आमच्या बेड्यावरच्या म्हाताऱ्यांना सोबत घ्यावं. कोणता नर हद्द राखून बोलतोय, कोणता नुसता पळताना बोलतोय, कोणत्या बोलण्यामागं जवळच पिल्लं आहेत, हे आम्हाला अजून ओळखता येतं. आमच्यातले तिघं-चौघंच उरलोत.

पाऊस पडून गवत वर आलं की रंगीत तितर बोलू लागतो, तो झाडावर नाहीतर मोठ्या दगडावर चढून बोलतो. आपला वार्ताहर पाठवावा. पहाटे साडेचारला बेड्यावर यावं, पांढरा सदरा घालू नये. नात वही घेऊन सोबत असेल.

आपला,
एक फासेपारधी वाचक
ता. कारंजा, जि. वाशिम