आपल्या कथा-बैठकीला जागा, झेरॉक्स आणि ऐकणारी माणसं पाहिजेत

नमस्कार मंडळी,

सांगलीत महिन्यातल्या दोन रविवारी आम्ही कथा लिहिणारी पंधरा जणं एकत्र बसतो हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहितीय, काहीजण येऊन बसूनही गेलात. पैशासाठी हाक मात्र पहिल्यांदाच मारतोय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमची बसायची पद्धत अशी की ज्याची कथा त्यानं वाचायची नाही, दुसऱ्या कुणीतरी मोठ्यानं वाचायची. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडात अडखळलं की ते कुठं फसलंय ते वेगळं सांगावं लागत नाही. सगळ्यांच्या हातात झेरॉक्स असते, वाचता वाचता खुणा करायच्या. वाचून झालं की आधी काय लक्षात राहिलं ते बोलायचं, मग लक्ष कुठं उडालं ते, आणि तोवर लेखकानं गप्प बसायचं, मला असं म्हणायचं होतं वगैरे खुलासा द्यायचा नाही. आणि नुसतं "छान झालीय" म्हणून कुणाला सुटता येत नाही.

याचा उपयोग काय होतो ते एका कथेवरून सांगते. तासगावकडची एक ताई येते आमच्यात, बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते आणि मुलाच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर लिहिते. तिची पहिली कथा शेडवरच्या बाईचीच होती, पण सुरुवातीला दोन पानं नुसता सूर्योदय, शेवटी त्या बाईनं विहिरीत उडी घेतलेली. वाचून झालं आणि आमच्यातले एक काका, एसटीतनं कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, त्यांनी एवढंच विचारलं, "त्या बाईला हजेरी किती मिळते गं?" तिनं पटकन सांगितलं. मग कुणी विचारलं हात किती चिकट होतात, कुणी विचारलं दुपारचा डबा कुठं बसून खाता, आणि ती सांगतच सुटली, की निवडून निवडून बोटं इतकी चिकटतात की पाण्यानं नुसतं धुऊन भागत नाही, घरी जाऊन भाकरी थापायला बसलं तरी हाताला तो गोड वास येतच असतो. आम्ही सगळे गप्प. शेवटी एकीनं हळूच विचारलं, "ती विहीर तुला खरंच दिसली का, की कथा संपवायला पाहिजे म्हणून आणलीस?"

तीन महिन्यांनी तिनं तीच कथा परत आणली. सूर्योदय गेला होता, विहीर गेली होती. शेवटी ती बाई पोराला भरवायला बसते आणि पोरगं म्हणतं आई तुझी बोटं गोड लागतात, बस, एवढंच. वाचणाऱ्याचाच आवाज अडकला होता. ही कथा तिच्याच आत होती, पण ती बाहेर यायला समोर विचारणारी माणसं बसावी लागली.

पूर्वी हे काम संपादक करायचे. सत्यकथा मासिकात राम पटवर्धनांसारखे संपादक नवख्या लेखकांना पत्रं लिहून कथेवर परत काम करायला लावायचे, ती सत्यकथा १९८२ साली बंद पडली. मनोरंजन मासिकानं १९०९ ला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची आपली दिवाळी अंकांची परंपरा टिकून आहे ही मोठीच गोष्ट, पण तिथल्या संपादकांनी तरी आलेल्या प्रत्येक कथेवर सांगत बसायला वेळ कुठनं आणायचा. नवीन माणूस कथा पाठवतो आणि वाट बघतो, पलीकडनं काहीच येत नाही, दोन-तीनदा असं झालं की लिहिणं सुटतं. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं सुटलेलं होतं, बैठकीत येऊन परत धरलंय.

आता अडचण. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात आमची कथांची ट्रंक गेली, गावभागात एकांच्या घरी तळमजल्यावर ठेवली होती. पाणी उतरल्यावर पानं दोरीवर वाळत घातली, बॉलपेननं लिहिलेलं वाचता आलं, शाईपेनाचं सगळं निळं पाणी झालं होतं. त्यात दोन कथा अशा होत्या की त्यांची दुसरी प्रतच नव्हती. तेव्हापासून प्रत्येक कथेची जास्तीची झेरॉक्स काढून वरच्या मजल्यावर ठेवतो. आणि यंदा जूनपासून आमची बसायची फुकटची खोलीही गेली, त्यांना क्लाससाठी लागली, त्यांचाही दोष नाही. आता भाड्याच्या हॉलमधे बसतो, एका बैठकीचे ७०० रुपये.

हिशोब साधा आहे. वर्षाच्या २४ बैठका, हॉलचे १६,८०० होतात. एका बैठकीत दोन कथा, दहा पानांची एक धरली आणि १५ प्रती काढल्या तर दोन रुपये पानानं एका बैठकीचे ६००, वर्षाचे १४,४००. मिळून ३१,२०० रुपये. शिवाय जत आणि आटपाडीकडनं येणारी चार कॉलेजची मुलं आहेत, बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून पोरींचं थोडं हलकं झालंय पण पोरांना पूर्ण पडतं, ते वर्गणीतनं भागत नाही. एखादी बैठक चुकली की ती मुलं दुसऱ्यांदा यायला लाजतात, हे मी बघितलंय, म्हणून हा खर्च मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ज्यांना जमेल त्यांनी एका बैठकीच्या झेरॉक्सचा खर्च घ्या, किंवा हॉलचं भाडं, किंवा एका मुलाचं महिन्याचं तिकीट. पन्नास रुपये दिलेत तरी पावती मिळेल. कुणाकडं रविवारी संध्याकाळी रिकामी असणारी खोली असेल, पंखा आणि सतरंजी एवढं पुरे, तर त्याचा आम्हाला पैशापेक्षा जास्त आधार होईल. जुने दिवाळी अंक रद्दीत घालणार असाल तर आधी आम्हाला विचारा.

आणि ज्यांना पैसे देणं शक्य नाही त्यांनी ऐकायला या. लिहिता येत नसलं तरी चालेल, खरंतर तसेच जास्त पाहिजेत. व्यंकटेश माडगूळकर आपल्याच आटपाडी तालुक्यातले, ते, शंकर पाटील आणि मिरासदार गावोगाव कथा सांगायचे तेव्हा समोर बसलेली माणसं काय सगळी लेखक होती का, पण कथेत कुठं जीव आहे ते त्यांना बरोबर कळायचं.

पुढची बैठक येत्या दुसऱ्या रविवारी दुपारी चारला. जतच्या मुलाची कथा आहे, टँकरची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्याची, त्याची पहिलीच. १४ पानांची आहे म्हणजे १५ प्रतींचे ४२० रुपये, ते अजून कुणी घेतलेले नाहीत.